डब्यातली जागा का वाढली नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचा पुढचा प्रश्न येईपर्यंत मागच्या उत्तराचा धागा सुटतो, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. विषय अर्थातच तो काळा डबा, म्हणजे घरातल्या सगळ्या फायली ज्यात साठतात तो दोन डिस्कचा छोटा संगणक.

बाबा, डब्यातला आजीच्या कॅसेटचा फोल्डर तुम्ही पुसलात हे आईला सांगून टाकलंत, फार बरं केलंत. आई, आता त्यांना आणखी बोलू नकोस. आजीच्या कॅसेट संगणकावर उतरवल्या मी, आणि फोल्डरला नाव दिलं ‘नवीन फोल्डर ३’. असं नाव बघून कुणालाही कचराच वाटेल. त्यात तासाभराचं रेकॉर्डिंग म्हणजे सुमारे ६३५ एमबी, आणि अशा अकरा कॅसेट. जागा खाणाऱ्या वस्तू शोधायला बसलेल्या माणसाला ते आधी दिसणारच.

पुसल्यानंतर दोन दिवसांनी तुम्हाला कळलं की त्यात आजीचा आवाज होता. मग तुम्ही एकोणीस दिवस गप्प राहिलात, आणि विसाव्या दिवशी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलंत, “काय गं, एखादी गोष्ट पुसली तरी डब्यातली जागा वाढत का नाही?” मला तिथेच शंका आली. तुम्ही जागेची चौकशी उगाच करत नाही.

तर त्याचं उत्तर. डबा रोज रात्री एक स्नॅपशॉट घेतो, म्हणजे त्या क्षणी कोणती फाइल कुठे आहे याची नोंद गोठवून ठेवतो. त्यात फायलींची नक्कल होत नाही, म्हणून तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. नंतर तुम्ही फाइल पुसलीत की अनुक्रमणिकेतली ओळ तेवढी खोडली जाते. पानं पुस्तकात शिवलेलीच राहतात. ज्या स्नॅपशॉटमध्ये ती पानं आहेत त्यातला शेवटचा निघाला की मगच जागा मोकळी होते. तुमची जागा वाढली नाही, कारण आजी अजून आतच होती.

पण मी स्नॅपशॉट ३० दिवसच ठेवायला सांगितले होते. आणखी आठ-नऊ दिवस तुम्ही संकोचाने गप्प बसला असतात तर डब्याने रीतसर, कुठलीही तक्रार न करता, ते कायमचं पुसलं असतं. माझ्याकडे जाणारी रोजची प्रत तेव्हा सुरू व्हायची होती, आणि कॅसेटची फीत उतरवतानाच दोन ठिकाणी तुटली होती. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

“दोन डिस्क आहेत ना, मग एकीवर राहिलं असेल,” असं तुम्ही म्हणालात. नाही बाबा. त्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा आहेत. एकीवर लिहिलं की त्याच वेळी दुसरीवर लिहिलं जातं, आणि पुसलं की दोन्हीकडून पुसलं जातं. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहावं, एवढ्यासाठीच ती जोडी. हात चुकला, व्हायरसने सगळं कुलूपबंद केलं किंवा डबाच कुणी उचलून नेला, तर जोडीचा काही उपयोग नाही. या धंद्यातली माणसं तीन-दोन-एक म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपली पहिली डब्यात, दुसरी कपाटातल्या सुट्या डिस्कवर, आणि तिसरी आता माझ्या घरी.

ती तिसरी इंटरनेटवरून का पाठवली नाही, हेही तुम्ही विचारलं होतंत. आपला माल साधारण १.२ टीबी. तुमच्याकडचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस, तोही पूर्ण मिळाला तर, म्हणजे सलग पावणेतीन दिवसांच्या वर. त्यापेक्षा डिस्क पिशवीत घालून आणली. आता रोज रात्री फक्त नवं किंवा बदललेलं तेवढं येतं.

४ टीबीची डिस्क ३.६३ दाखवते म्हणून तुम्ही दुकानदारावर चिडला होतात. तो निर्दोष आहे. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या. चार पायऱ्या चढेपर्यंत तेवढा फरक पडतो.

आई, तुझी तक्रार वेगळी: रात्री डबा कुरकुरतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्री तो स्क्रब करतो. डिस्कवरचा वापरातला प्रत्येक तुकडा वाचायचा, लिहिताना नोंदवलेल्या बेरजेशी ताडून बघायचा, आणि जुळला नाही तर जोडीदार डिस्कवरून दुरुस्त करायचा. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फोटोत एखादा बिट उलटला तर तुला-मला कळणार नाही, पण त्याला कळतं. तेव्हा ती कुरकुर चालू दे. मधेच बटण दाबून बंद करू नकोस.

आता माझीही दोन पापं सांगते, म्हणजे फिटंफाट होईल. माझ्या डब्यातली एक डिस्क आजारी पडली. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, अहवालात १९७ क्रमांकासमोर शून्याऐवजी २४ दिसत होतं, म्हणजे डिस्कवरचे चोवीस सेक्टर, छोटे कप्पे, नीट वाचता येत नव्हते. मी ऐटीत डबा उघडला आणि चांगली डिस्क उपटली. सगळं ठप्प. बंद करून परत बसवल्यावर सुरळीत झालं, पण तोपर्यंत हात थरथरत होते. तुमच्या डब्यात प्रत्येक ट्रेवर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटपट्टी लावलीय ती त्यामुळेच. ती काढू नका, दिसायला कितीही वाईट असली तरी.

दुसरं पाप मोठं. आधीच्या नोकरीत असताना माझा बॅकअप आठ महिने बंद होता आणि मला पत्ता नव्हता. पासवर्ड बदलला होता, त्यामुळे रोज रात्री काम सुरू व्हायचं आणि लगेच पडायचं. बिघाड झाला तरच मेल यावा अशी सोय मी केली होती, आणि मेल पाठवणारं खातंही त्याच पासवर्डवर होतं. लॅपटॉप गेला तेव्हा उघडून पाहिलं तर शेवटची प्रत आठ महिन्यांपूर्वीची. त्या आठ महिन्यांचे फोटो गेले. तुम्हाला मी तेव्हा “फोन बिघडला होता, फारसे काढलेच नाहीत” असं सांगितलं होतं. तर गप्प बसण्यात मी तुमचीच मुलगी.

म्हणून आता उलटी सोय केलीय. सगळं ठीक असेल तर रोज सकाळी बाबांना ‘रात्रीचं काम झालं’ एवढाच मेसेज येईल. दोन दिवस आला नाही की मला फोन करा. स्नॅपशॉटही आता रोजचे ६० दिवस आणि महिन्याचा एक असे वर्षभर राहतील. तरी काही पुसलं गेलं तर त्याच दिवशी सांगा, कुणीही, काहीही.

माझ्याकडची प्रत कुलूपबंद आहे आणि तिचा परवलीचा शब्द हरवला तर बनवणाऱ्यालाही ती उघडता येत नाही. तो शब्द पत्रासोबतच्या बंद पाकिटात आहे. कपाटातल्या डिस्कजवळ ठेवू नका, तुमच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची झालीय, पुढच्या वेळी येईन तेव्हा बदलते. डब्याला जाणारी तिची पातळ यूएसबी वायर मात्र काढू नका. वीज गेली की त्याच वायरीवरून निरोप मिळून डबा स्वतःहून नीट बंद होतो.

एक काम येत्या रविवारी करा, दोघांनी मिळून. कपाटातली डिस्क लॅपटॉपला लावा. ‘आजीच्या कॅसेट’ असा फोल्डर दिसेल, नाव आता नीट दिलंय. चौथी फाइल उघडा आणि बाराव्या मिनिटापासून ऐका. आजी कुणाला तरी रागावतेय आणि मागे एक लहान मूल हसतंय. ते मूल मी की दादा, ते मला कळवा.

तुमची,
धाकटी