लॅमिंग्टन रोडच्या दादांस, मनापासून आभार

दादा,

सप्रेम नमस्कार.

१९९१ च्या श्रावणात, पिठोरी अमावास्येच्या आधी, गिरगावातल्या आमच्या छापखान्यात तुम्ही आला होतात. दिवाळी अंकाचं काम चालू होतं आणि आमचं कॉम्प्युटरचं मशीन आजारी होतं. त्यानंतर लॅमिंग्टन रोडवरचं तुमचं दुकान हललं. जुन्या नंबरावर फोन लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी तुम्हाला ओळखलं तर ते तुमच्यापर्यंत पोचवील.

तेव्हा आमच्याकडे छपाईच्या अक्षर-खिळ्यांच्या केसेस अजून भिंतीला लागून उभ्या होत्या, आणि त्यांच्याच शेजारी सहाशे चाळीस केबी मेमरीचं पीसी आलं होतं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड बसवलेलं, त्यामुळे वर्डस्टार या लिहायच्या प्रोग्राममध्ये मराठी टाइप करता यायचं. ते काम माझ्याकडे होतं. अंकाचं बरंचसं मॅटर हार्ड डिस्कवर गेलं होतं, काही लेखकांना त्यांची हस्तलिखितं परतही पाठवली होती. अशात मशीन चालू करून अर्धा तास झाला की ते रखडायला लागलं. अक्षर दाबावं आणि वाट बघावी. मग एका सकाळी वर्डस्टार उघडेचना. पडद्यावर एकच ओळ: ‘प्रोग्राम टू बिग टू फिट इन मेमरी’. कालपर्यंत मावणारा प्रोग्राम आज मावत नाही, याचा अर्थ आम्हाला कुणालाच लागेना.

मशीन विकणाऱ्याने फोनवरच निकाल दिला, व्हायरस आहे, डिस्क फॉरमॅट करा. मॅटरचं काय विचारलं तर म्हणाला, ते गेलं समजा. मालक त्या दिवशी जेवले नाहीत.

तुम्ही आलात आणि कीबोर्डला हात लावण्याआधी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात. काय काय झालं ते क्रमाने सांगा, म्हणालात. मी सांगितलं. ते ऐकून तुमचं पहिलं वाक्य होतं, “मॅटरला काही झालेलं नाही. हा प्रोग्रामला लागतो, मजकुराला नाही.” मालकांना ते खरं वाटेना. मलाही वाटत नव्हतं. मग तुम्ही कारण सांगितलंत: या जातीच्या व्हायरसला पसरायचं तर आधी स्वतः चालावं लागतं. मशीन चालवतं त्या कॉम आणि एक्झी फाइली, म्हणजे प्रोग्राम. लेखाची फाइल कुणी चालवत नाही, ती नुसती वाचली जाते, म्हणून तिच्यात शिरून त्याला काहीच मिळत नाही. इतकी साधी गोष्ट आम्हाला तोवर कुणी सांगितली नव्हती. वर्तमानपत्रांत तेव्हा व्हायरसबद्दल जे छापून यायचं त्यात भीती भरपूर आणि माहिती थोडी असायची.

पुढचं तर मला आजही पाठ आहे. तुम्ही मशीनचं बटण बंद केलंत, पूर्ण. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने का नाही, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, त्याने मेमरी साफ होईलच याचा भरवसा नाही. वर्षभरापूर्वी आपल्याच देशात सापडलेला जोशी व्हायरस त्या तीन बटणांनाही पुरून उरतो. तो फाइलीत राहत नाही, डिस्कच्या सुरुवातीला बसतो, आणि ५ जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावतो. मग पिशवीतून डॉसची, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या प्रणालीची, मूळ फ्लॉपी काढलीत. तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी होती. त्या पट्टीवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात की लिहायचं की नाही हे इथे ड्राइव्ह ठरवतो, प्रोग्राम नाही; कसलाही व्हायरस असो, या फ्लॉपीवर तो चढू शकत नाही.

त्या फ्लॉपीने मशीन चालू झालं आणि लेख बघायला आपण एक फाइल पडद्यावर आणली. मराठीच्या जागी वेडीवाकडी चिन्हं! माझ्या पोटात गोळा आला. जिस्ट अजून चालू केलेलं नाही म्हणून असं दिसतंय, बाइट तेच आहेत, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत, आणि खरंच संध्याकाळी तीच फाइल काना-मात्रेसकट जशीच्या तशी उघडली.

मग कागद घेतलात. डावीकडे आमच्या डिस्कवरच्या प्रोग्रामांचे आकार, उजवीकडे मूळ फ्लॉप्यांवरच्या त्याच प्रोग्रामांचे. वजाबाकी मला करायला लावलीत. कॉम फाइलींमध्ये सगळीकडे एकच फरक, १८१३ बाइट. एक्झी फाइलींमध्ये फरक वेगवेगळे आणि अवाच्या सवा. त्यांना तुम्ही १८०८ ने भागायला सांगितलंत. पहिल्या वेळचे थोडे बाइट सोडले तर भाग जात होता. वर्डस्टारच्या फाइलीत तो एकदा नाही, शेकडो वेळा शिरला होता. “जेरुसलेम,” तुम्ही म्हणालात. हे त्या व्हायरसचं नाव; १९८७ मध्ये जेरुसलेम शहरातल्या हिब्रू विद्यापीठात सापडलेला.

डीबग या फाइलीच्या आतलं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कॉम फाइल उघडून तुम्ही मला तो दाखवलात. चालवायची नाही, फक्त बघायची, असं दोनदा बजावलंत. डावीकडे आकड्यांच्या रांगा, उजव्या कडेला त्यांतून उमटणारी अक्षरं. बहुतेक नुसते ठिपके. खाली खाली जात फाइलीच्या अगदी शेवटी पाच इंग्रजी अक्षरं आली, ‘एमएसडॉस’. ती त्याची खूण. कॉम फाइलीत तो स्वतःला पुढे घालतो, मूळ प्रोग्राम मागे सरकवतो आणि शेवटी ही पाच अक्षरं लिहितो, म्हणजे पुन्हा ती फाइल समोर आली की सोडून देता येते. आपल्या भाषेत सांगतो म्हणून तुम्ही म्हणालात, पुस्तकाच्या पहिल्या फर्म्याआधी, म्हणजे पानांच्या पहिल्या गठ्ठ्याआधी, कुणी आपला फर्मा शिवून टाकला तर पुस्तक खराब होत नाही, शिवण उसवून तेवढा फर्मा काढायचा. पुढचे १८०८ आणि मागचे पाच बाइट काढले की प्रोग्राम पूर्वीसारखा.

एक्झीचं तसं नाही. तिच्या डोक्यावर एक नोंद असते, कुठून सुरुवात करायची ती. व्हायरस फाइलीच्या शेवटी बसतो आणि ती नोंद बदलून आपल्याकडे वळवतो. स्वतःचं काम झालं की मूळ जागी उडी मारतो, त्यामुळे वापरणाऱ्याला प्रोग्राम नीट चालल्यासारखा वाटतो. फक्त हा व्हायरस लिहिणाऱ्याकडून एक गफलत झाली होती: एक्झीवर खूण तपासायची सोय धड नव्हती. त्यामुळे वर्डस्टार जितक्या वेळा उघडावं तितक्या वेळा त्याच फाइलीला पुन्हा लागण, पुन्हा १८०८. ती फुगत गेली आणि शेवटी मेमरीत मावेना. त्या गफलतीमुळेच तो उघडा पडला, नाहीतर महिनोन् महिने कळलं नसतं.

आणि मग तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय बघितलंत. १३ सप्टेंबर, शुक्रवार, गणपतीचे दिवस. जेरुसलेम मेमरीत असताना शुक्रवारी १३ तारीख आली की जो प्रोग्राम चालवाल तो पुसला जातो. चतुर्थीची सुट्टी संपवून आम्ही मशीन लावलं असतं आणि एकेक करत सगळे प्रोग्राम आमच्याच हाताने घालवले असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी होती.

साफसफाईत तुमची पद्धत मला फार आवडली. हातात मॅकअ‍ॅफीचे व्हायरस शोधणारं स्कॅन आणि काढणारं क्लीन हे प्रोग्राम असूनही तुम्ही सगळं त्यांच्यावर सोपवलं नाहीत. ज्या प्रोग्रामची मूळ फ्लॉपी होती तो सरळ पुसून नव्याने चढवलात. शेकडो थर सोलण्यापेक्षा मूळ प्रत खात्रीची, असं तुमचं म्हणणं. एका छोट्या प्रोग्रामची मूळ प्रत कुठेच सापडली नाही, तेवढ्यालाच क्लीन लावलंत आणि नंतर त्याचा आकार पुन्हा मोजलात. स्कॅन कसं शोधतं तेही सांगितलंत: प्रत्येक व्हायरसमधला बाइटांचा एक ठरावीक तुकडा त्याच्याकडे असतो, तो तुकडा ते फाइलींमध्ये हुडकतं. म्हणून नवीन व्हायरस त्याला दिसत नाही. आणि व्हायरस मेमरीत असताना स्कॅन चालवणं तर घातकच. बल्गेरियातला डार्क अ‍ॅव्हेंजर हा व्हायरस फाइल नुसती उघडली तरी तिला लागतो. स्कॅनने तपासायला म्हणून डिस्कवरचा प्रत्येक प्रोग्राम उघडायचा आणि त्याच्या मागोमाग याने प्रत्येकात शिरायचं.

मग फ्लॉप्या. मुद्रितशोधकाकडच्या, चित्रकाराकडच्या, मालकांच्या पुतण्याच्या खेळांच्या. एक जरी राहिली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून रात्री उशिरापर्यंत बसून तुम्ही प्रत्येक तपासलीत. खेळांच्या फ्लॉपीवरच तो निघाला. पुतण्याला तुम्ही रागावला नाहीत. त्याला बोलावून घेतलंत आणि त्यालाही वजाबाकी करायला लावलीत.

अंक वेळेवर निघाला. पण आभार तेवढ्याचेच नाहीत. पुढची गोष्ट तुमच्या लक्षात असेल की नाही, मला माहीत नाही.

नंतर केव्हातरी मशीन पुन्हा विचित्र वागायला लागलं. तुम्ही शिकवलं तसं मी बटण बंद केलं, चिकटपट्टीवाल्या फ्लॉपीने चालू केलं आणि आकार मोजले. सगळे बरोबर! एका बाइटचाही फरक नाही. डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवलं तर ते म्हणायला लागलं की डिस्कवरचे सगळे प्रोग्राम एकाच जागेवर एकमेकांत अडकले आहेत, दुरुस्त करायचं असेल तर आज्ञेपुढे एफ लावा. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही आधी ओरडलातच, “एफ लावू नका!” मग सांगितलंत, हा डिर-टू आहे, हा फाइलींना हातच लावत नाही. डिस्कच्या शेवटी १०२४ बाइटची आपली एकच प्रत ठेवतो आणि डिरेक्टरीमध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीचा पत्ता बदलून त्या प्रतीकडे वळवतो. खरा पत्ता तिथेच बाजूला लपवून ठेवतो. तो मेमरीत असेपर्यंत विचारणाऱ्याला खरा पत्ता देतो, म्हणून सगळं सुरळीत दिसतं. स्वच्छ फ्लॉपीने बघितलं की खोटे पत्ते उघडे पडतात, आणि चेकडिस्कने ते ‘दुरुस्त’ केले की प्रोग्राम कायमचे गेले.

त्यावरचा तुमचा उपाय ऐकून मी तुम्हाला पुन्हा विचारलं होतं, कारण तुम्हीच शिकवलेल्याच्या तो अगदी उलटा होता. व्हायरस चालू ठेवूनच मशीन लावा. सगळ्या कॉम आणि एक्झी फाइलींची आडनावं, म्हणजे नावातलं टिंबापुढचं कॉम किंवा एक्झी, बदला, काहीही ठेवा. प्रोग्राम नाही असं दिसलं की तो स्वतःच त्या फाइलीचा खरा पत्ता परत लिहितो. सगळ्यांची नावं बदलून झाली की मशीन बंद, स्वच्छ फ्लॉपीने चालू, आणि नावं पूर्ववत. मी फोन कानाला लावूनच एकेक आज्ञा टाइप केली. तुम्ही दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून पलीकडे ऐकत होतात. शेवटी चेकडिस्क चालवलं तेव्हा त्याने कसलीच तक्रार केली नाही. “आता ठेवतो,” एवढंच म्हणून तुम्ही फोन ठेवलात. मला आभार मानायला सवडच मिळाली नाही.

दादा, त्या फोनचे पैसे तुम्ही कधी मागितले नाहीत. पहिल्या वेळीही ठरली होती तेवढीच मजुरी घेतलीत, रात्र झाली तरी. आणि त्या रात्री पडदा पूर्ण वेळ माझ्या बाजूला वळवून ठेवला होतात, तुम्हाला स्वतःला मान वाकडी करून बघावं लागत असतानाही. मी पुढे बारा गावच्या मशीनवर कामं केली, मुलींना शिकवलं, आणि प्रत्येकीला पडदा असाच वळवून दिला. जिथे असाल तिथे तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. मनापासून, अगदी मनापासून आभार.

तुमची,
गिरगावच्या छापखान्यातली कंपोझिटर