मनूच्या लग्नाची साक्षीदार

पुणे, २७ जून

प्रिय चिमे,

डॉक्टरांनी तुला आडवं पडून राहायला सांगितलंय, आणि फोनवर दर वाक्याला तू "थांब, आधी तिने काय नेसलं होतं ते सांग" म्हणून अडवतेस. म्हणून हे पत्र. सावकाश वाच. आठव्या महिन्यात तू विमानात बसली नाहीस हे बरोबरच केलंस, पण तिकडे दिवसभर तुझी उणीव भासली, मला आणि मनूलाही.

लग्न स्कॉटलंडमधल्या लॉक टे नावाच्या तळ्याकाठी झालं. एडिंबरोहून गाडीने साधारण दोन तास. तळं म्हणायचं, पण लांबी जवळजवळ २३ किलोमीटर, आणि उत्तरेला बेन लॉअर्सचा डोंगर. उंचीला आपल्या कळसूबाईपेक्षा कमी, १,२१४ मीटर, पण तिथे पायथाच इतका खाली आहे की नजर वर चढतच राहते. उघड्यावर, गवतात लग्न लावलं. इंग्लंडात सरकारी लग्न लावायला जागेला परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये तो लग्न लावणाऱ्या व्यक्तीला असतो, जागा कुठलीही चालते. नवरदेवाच्या घरचं चर्च नको आणि आपला भटजीही नको, असं दोघांनी ठरवलं होतं, म्हणून ह्युमॅनिस्ट, म्हणजे देवाधर्माचे विधी नसलेल्या पद्धतीने लग्न. तिकडे २००५ पासून त्याला कायद्याची मान्यता आहे. काकूंना, मनूच्या आईला, मंगलाष्टकं हवीच होती, ती आदल्या संध्याकाळी हळदीच्या वेळी म्हटली. काकांनी आणि मी. सूर लागला गं, खरंच लागला.

हळदीचं ऐक. मला वाटलं होतं, त्याच्या घरचे लांबून बघतील. पण त्याची आजी अ‍ॅबर्डीनकडची. तिने बाह्या वर केल्या आणि म्हणाली, आमच्याकडे तर लग्नाआधी मित्रमंडळी नवरानवरीला काकवी, काजळी, पिसं, हाताला लागेल ते फासतात आणि गावभर फिरवतात! मग तिने मनूच्या गालाला हळद लावली ती सगळ्यांत जास्त. चुडा मी भरला. तुळशीबागेतून नेलेल्या बांगड्या कापसात गुंडाळून मांडीवरच्या पिशवीत घेऊन गेले होते, एकही पिचली नाही.

आता नेसण्याचं. हिरवीगार नऊवारी, लाल काठ, नथ, मुंडावळ्या. सकाळी खोलीत आम्ही दोघीच. निऱ्या मी घातल्या, काष्टा मी खोचला, आणि ती खिडकीतून तळ्याकडे बघत गप्प उभी. मनू गप्प! तुला माहीतच आहे ती कधी गप्प असते ते. मी काही बोलले नाही, काठ सारखा करत राहिले. मग आजी आली, जुनं चांदीचं सहा पेन्सचं नाणं घेऊन. नवरीच्या डाव्या बुटात ते ठेवायचं, म्हणजे संसारात पैशाला कमी पडत नाही. नाणं चलनातून १९८० सालीच गेलंय, आजीने जपून ठेवलेलं. पण मनूच्या पायात कोल्हापुरी, नाणं राहणार कुठे? मी ते तिच्या ओच्यात खोवलं. आजीला ओचा उघडून दाखवला तेव्हा तिने माझा हात दाबला. नवरदेवाच्या किल्टला, म्हणजे तिकडच्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला, आठ वार कापड लागतं आणि हिच्या लुगड्याला नऊ, हे कळल्यावर तर आजी ज्याला त्याला सांगत सुटली.

मला जे मनापासून सांगायचंय ते पुढे आहे. आपल्याकडे लग्नात नात्यानात्याला काम वाटून दिलेलं असतं. मामा नवरीला बोहल्यावर आणतो, भाऊ लाह्या देतो आणि कान पिळतो, बहीण करवली होऊन मागे उभी राहते. मैत्रीण? ती रुखवत मांडते, नवरीची पर्स, मोबाइल आणि चप्पल सांभाळते, आणि "आता मैत्रिणी या" अशी हाक आली की फोटोपुरती वर जाते. तुझ्या लग्नात मनूने आणि मी हेच केलं, आनंदाने केलं. पण लग्न लागत होतं तेव्हा आम्ही गर्दीत मागे, मुठीत अक्षता धरून, टाचा उंचावून बघत होतो. आपल्याकडे मैत्रिणीची सही लागते ती स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टच्या लग्नात. तिथे तीन साक्षीदार लागतात, आणि मैत्रिणीला बोलावलं जातं ते बहुतेक वेळा घरचं कुणी येणार नसतं म्हणून.

मनूच्या लग्नात मात्र घरचे सगळे समोर बसलेले असताना तिने मला शेजारी उभं केलं. ब्राइड्समेड आम्ही तिघी होतो, त्याची बहीण, मनूच्या लॅबमधली एक मुलगी आणि मी. त्या दोघी बाटली हिरव्या ड्रेसमध्ये, मी त्याच रंगाच्या साडीत. वचनं घेताना मनूने फुलांचा गुच्छ माझ्याकडे दिला, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. इतक्या जवळून मी कधीच कुणाचं लग्न पाहिलं नव्हतं. तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. त्याचा आवाज पहिल्याच शब्दाला फुटला आणि मनूने मानेने "घे, दम घे" अशी खूण केली. समोर बसलेल्यांना ते दिसलंही नसेल.

काकूंची मात्र मला आदल्या रात्री काळजी वाटली होती. सगळी तयारी झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मग उद्या मी काय करायचं गं?" खरंच, तिकडच्या विधीत आईला फक्त पुढच्या रांगेत बसायचं असतं. मनूने ते ऐकलं होतं. वधूवरांचे हात एकत्र बांधायची त्यांच्याकडे जुनी चाल आहे, हँडफास्टिंग म्हणतात. ते काम तिने दोन्ही आयांना दिलं. त्याच्या आईने त्यांच्या टार्टनची, म्हणजे चौकडीच्या लोकरी कापडाची, पट्टी आणली. काकूंनी रात्री बारा वाजता स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ कापला. मनू "नको आई, नको" म्हणत राहिली, पण काकूंची कात्री थांबली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो काठ दोघांच्या मनगटांवरून घेतला आणि सवयीने चांगली निरगाठ मारली! गाठ न सोडता हात अलगद बाहेर काढायचे असतात. मनूचा चुडा, त्यात ती निरगाठ, हात काही निघेनात. लग्न लावणाऱ्या बाई म्हणाल्या, घाई नाही. तेवढ्यात वारा पडला आणि मिजेस नावाची बारीक चावरी चिलटं उठली, तरी कुणी जागचं हललं नाही. शेवटी हात निघाले, गाठ तशीच राहिली, आणि काकूंचा चेहरा बघायला हवा होतास तू.

मग सह्या. मॅरेज शेड्यूल नावाचा सरकारी कागद असतो. लग्नाच्या किमान २९ दिवस आधी रजिस्ट्रारकडे अर्ज दिलेला असला तरच तो मिळतो. त्यावर वधूवर, लग्न लावणारी व्यक्ती आणि किमान सोळा वर्षांचे दोन साक्षीदार सह्या करतात. एक त्याचा शाळेपासूनचा मित्र, दुसरी मी. साक्षीदाराचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. आमच्या सदाशिव पेठेचा पत्ता आता त्यांच्या दप्तरात आहे. सही करताना माझा हात स्थिर होता. या दोघांनी एकमेकांना राजीखुशीने पत्करलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. उद्या कुणी विचारलं तर सांगायला मी आहे. ही जबाबदारी मला हवी होती चिमे. तू असतीस तर ती तुझी असती की माझी यावर आपण भांडलो असतो, आणि मनूने चिठ्ठ्या टाकल्या असत्या.

जेवणाआधी काका मराठीत बोलले, मी वाक्यावाक्याला इंग्रजी केलं. ते म्हणाले, "मी मुलगी दिलेली नाही. ती स्वतःच्या पगारातून तिकीट काढून इथे आली. मी तिला फक्त विमानतळावर सोडलं होतं." पुढचं वाक्य होतं, "ती आजारी पडली की कुणाला सांगत नाही, तेवढं बघा." ते इंग्रजीत आणायला मला वेळ लागला, कारण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची ती कावीळ आठवली. हॉस्टेलवर पेज करून तू तिला भरवायचीस ना.

रात्री 'केली' नावाचा त्यांचा सामुदायिक नाच झाला. एक जण माइकवरून पुढची चाल सांगत राहतो, त्यामुळे नवख्यालाही जमतं. स्ट्रिप द विलो या नाचात समोरासमोर दोन रांगा असतात आणि जोडी हाताला हात देत, गिरक्या घेत या टोकापासून त्या टोकाला जाते. लांब झग्यातल्या बायका थकल्या, मनूचा काष्टा मात्र शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

सही झालेला कागद तीन दिवसांत रजिस्ट्रारकडे परत द्यायचा असतो. तो मित्र आणि मी सोमवारी सकाळी जाऊन देऊन आलो. तिथल्या बाईंनी नावं तपासली, माझ्या आडनावाचं स्पेलिंग मला परत विचारलं आणि नोंद केली.

मनू आणि जावई डिसेंबरात येतायत, तोवर बाळ बाळसं धरलेलं असेल. काकूंनी तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतलेत, पुढच्या आठवड्यात मी घेऊन येते. फोटो तेव्हाच दाखवीन, फोनवर पाठवणार नाही, तुझ्या शेजारी बसून दाखवायचेत. तुझ्या बाबांना आणि आईला नमस्कार. डाव्या कुशीवर झोप.

तुझी,
ठकी