आधी ती पाचवी वायर बघ

बाळा,

घराचे फोटो काल रात्री बघितले. तुझी आई किचनचा फोटो मोठा करकरून बघत बसली, ओट्याला उंबरा नाही, पाणी खाली सांडणार म्हणाली, पण मी त्या हॉलच्या भिंतीपाशीच अडकलोय. ती गोल सोनेरी डबी. ती काढून स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान राखणारं यंत्र, लावायचाय, कुठला घेऊ बाबा, असं तू विचारलंस, मी फोनवर सांगायला लागलो तर तुझी मीटिंग, मग पिल्लू उठलं, म्हणून लिहूनच पाठवतोय. लांबलं तर दोन हप्त्यांत वाच.

आधी त्या डबीला हसू नकोस. हनिवेलचा तो गोल थर्मोस्टॅट 1953 साली आला, हेन्री ड्रेफस नावाच्या डिझायनरनं केलेला, आणि त्या कंपनीचं मूळ तुमच्याच मिनियापोलिसात आहे, तिथं 1885 च्या सुमाराला अल्बर्ट बट्झनं कोळशाच्या भट्टीची हवा आपोआप कमीजास्त करणारी झडप काढली. थर्मोस्टॅटच्या गावात घर घेतलंयस आणि विचारतीस कोल्हापुरात! असो. त्या डबीत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते, तिच्या टोकाला इवलीशी काचेची नळी आणि नळीत पाऱ्याचा थेंब. खोली गार पडली की गुंडाळी वळते, नळी कलते, पारा घरंगळत जाऊन दोन तारा जोडतो आणि खाली फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, चालू. बास, एवढंच. आणि हो, पारा आहे म्हणून ती डबी कचऱ्यात टाकू नको, पिल्लूच्या हाताला लागेल अशी पण ठेवू नको, तिथं घरातला धोकादायक कचरा घ्यायचं केंद्र असतं तिथं नेऊन दे.

आता खरं काम. जावईबापू तीन मॉडेलच्या लिंक पाठवून मोकळे झालेत, पण डबी कुठली हे दुकानात नाही, तुझ्या भिंतीत ठरतं. तू डबी सोडवून घेतलेला दुसरा फोटो मी झूम करून बघितला. चार वायरी लावलेल्या दिसतात, लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. आणि भोकाच्या आत, एकदम कडेला, एक निळी वायर गुंडाळून ढकलून दिलीय, ती कशालाच जोडलेली नाही. ती बघून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू, तुझ्या आईला दाखवली तर म्हणाली, वायर आहे ती.

सांगतो. हे सगळं 24 व्होल्टचं काम आहे, फर्नेसमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं एक टोक आर अक्षराच्या स्क्रूला, म्हणजे लाल. डब्ल्यू म्हणजे हीटिंग, वाय म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर, जी म्हणजे पंखा. जुन्या डबीला स्वतःला करंट लागतच नव्हता, ती नुसती स्विच, म्हणून चारात भागायचं. स्मार्टवाल्याला स्क्रीन आहे, वायफाय आहे, त्याला चोवीस तास खायला लागतं, त्यासाठी ट्रान्सफॉर्मरचं दुसरं टोक पाहिजे, त्याला सी म्हणतात, कॉमन. ती सी नसली तर काही मॉडेल बाकीच्या वायरींतनंच थोडं थोडं करंट चोरून आपली बॅटरी चार्ज करतात, चालतं बऱ्याच घरात, पण चोरीचं ते चोरीचंच, कधी बॅटरी उतरते, कधी रिले, म्हणजे आतला स्विच, उगंच टिकटिक करते, आणि उतरायची ती नेमकी जानेवारीत उतरेल. त्यामुळं ती निळी खाली फर्नेसपर्यंत धड पोचली असली तर तिथल्या बोर्डावर सी च्या स्क्रूला लाव, वर थर्मोस्टॅटच्या सी ला लाव, तुझा अर्धा प्रश्न मिटला. ती मधेच तुटलेली निघाली तरी रडायचं नाही, इकोबी कंपनीच्या बऱ्याच मॉडेलबरोबर बॉक्समध्येच एक किट येतं, ते फर्नेसच्या बोर्डाजवळ बसवलं की चार वायरींत भागतं, आणि नेस्ट कंपनीच्यासाठी तसलाच अडॅप्टर वेगळा मिळतो.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नको. मी तीस वर्षं गावोगावच्या दूध संस्थांचे बल्क कूलर रिपेअर केलेत, आधीच्या माणसानं हाताला लागली ती वायर लावलेली असते, लाल आहे म्हणून फेज असेल असं म्हणणारे शॉक खाऊन येतात. वायर ज्या अक्षराखाली आहे ते अक्षर लिही, चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनानं, फोटो काढ, मगच सोडव. आणि चुकून आर आणि सी एकमेकाला चिकटली तर बोर्डावरचा गाडीत असतो तसला छोटा फ्यूज उडतो, लोक थर्मोस्टॅटच खराब निघाला म्हणून परत पाठवतात आणि गारठत बसतात.

आता मला त्या फोटोत एक गोष्ट अजिबात आवडली नाही. डबीवर ऊन पडलंय. तिरकं, पिवळं, म्हणजे दुपारनंतरचं, समोर पश्चिमेची खिडकी असणार. तुला पन्हाळ्याच्या बाजूच्या त्या संस्थेची गोष्ट सांगितलीय का मी? सकाळी सहाला फोन, मिस्त्री, दुधाचा बर्फ झालाय. गेलो तर टाकीच्या कडेला बोटभर बर्फ धरलेला, कॉम्प्रेसर रात्रभर न थांबता चालू, सेक्रेटरी माझ्याकडं असा बघतोय की दूध मीच गोठवलं. थर्मोस्टॅट चांगला होता. त्याचा बल्ब, म्हणजे तापमान बघायचं टोक, पॉकेटमधनं निसटून बाहेर हवेत लोंबत होतं. त्याला बाहेरची गरम हवा कळत होती, तो आपला इमानदारीत म्हणत होता अजून गार कर, अजून गार कर. तुझ्या डबीचं तेच होणार, फक्त उलटं, उन्हात बसून ती म्हणणार घर तापलंय आणि मागच्या बेडरूममध्ये पिल्लूचे पाय गार. वायरी हलवायला भिंत फोडावी लागेल, ते आत्ता नको. त्यापेक्षा असलं मॉडेल घे ज्याला खोलीत ठेवायचे वेगळे सेन्सर जोडता येतात, रात्री बेडरूमचा सेन्सर बघ आणि दिवसा हॉलचा बघ असं सांगता येतं. आणि भिंतीतल्या त्या वायरीच्या भोकात पुट्टी भर. भिंतीच्या पोकळीतनं गार वारा येतो तो सरळ थर्मोस्टॅटच्या पाठीवर, पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणीच करत नाही.

सेन्सरचं मी एवढं लावून धरतोय त्याला दुसरं पण कारण आहे. मागं आम्ही तुझ्या अपार्टमेंटला आलो होतो ते आठव. तुम्ही दोघं ऑफिसला, मी खाली फिरायला, आणि तुझी आई आतल्या खोलीत पोथी वाचत बसलेली. हॉलमध्ये दोन तास कोण हललं नाही तर त्या भिंतीवरच्या शहाण्यानं ठरवलं की घरात माणूसच नाही, आणि हीटिंग उतरवून टाकलं. मी आलो तर ही शालीवर शाल घेऊन बसलीय, वर मलाच म्हणती, तुमच्या लेकीकडं घरात पण थंडी आहे. ॲप तुमच्या दोघांच्या फोनमध्ये, आम्हाला कुठं दाबायचं माहीत नाही. म्हणून माझी अट एकच, जे घेशील त्याला भिंतीवरच हातानं वरखाली करता आलं पाहिजे, सरळ, पासवर्ड न विचारता. आणि घरी कोण नाही हे ओळखायचं जे काय सेटिंग असतं ते आम्ही आलो की बंद कर.

कंपन्यांचं म्हणशील तर नाव मोठं म्हणून भुलू नको. नेस्ट 2011 ला आला तेव्हा लई गाजावाजा झाला, 2014 ला गूगलनं ती कंपनी 3.2 अब्ज डॉलरला घेतली, आणि ऑक्टोबर 2025 ला त्यातल्या पहिल्या दोन पिढ्यांचा सपोर्ट बंद केला. भिंतीवर हातानं चालतात अजून, पण फोनवरनं गेले. तुझी 1953 च्या डिझाइनची डबी मात्र काल पण चालूच होती, नाही का. याचा अर्थ घेऊ नको असा नाही. नेट गेलं, कंपनीनं हात वर केले, तरी घर गरम ठेवणारा घे, एवढाच अर्थ. आणि जावईबापूंना सांग रागवू नका, पण त्याच्यात बोलणारी बाई नसली तरी चालेल, त्याचे पैसे सेन्सरला घाला.

पैसे वाचतात का, तर वाचतात, पण जाहिरातीएवढे नाही. एनर्जी स्टार, म्हणजे तिथल्या सरकारचा ऊर्जा बचतीचा शिक्का, ते म्हणतात सरासरी 8 टक्के, आणि ते पण हीटिंग-कूलिंगच्या बिलाचे, सगळ्या बिलाचे नव्हे. महिन्याला 150 डॉलर त्यावर जात असतील तर 12 डॉलर धर. तू जर आत्ताच झोपताना आणि बाहेर जाताना आठवणीनं कमी करत असशील तर त्याच्याहून कमी, कारण तेच काम तो करणार. पण तू दिवे घालवत नव्हतीस कधी, तेव्हा तुला उपयोग होईल. तिथल्या लाईट-गॅसच्या कंपन्या बऱ्याचदा यावर रिबेट देतात, घ्यायच्या आधी त्यांची यादी बघ. फक्त काही ठिकाणी रिबेटबरोबर एक कागद असतो, की लोड वाढला तर आम्ही तुमचं सेटिंग थोडं हलवू. 2021 च्या जूनमध्ये टेक्सासात लोकांना भर उन्हाळ्यात घर तापल्यावर कळलं की आपण असल्या कशाला तरी हो म्हटलं होतं. वाचून सही कर.

आणि घर गार आहे म्हणून काटा एकदम 80 फॅरनहाइटवर नेऊन ठेवायचा नाही. इथं लोक एसी 18 वर करतात, लवकर गार होईल म्हणून, म्हणून तर 2020 पासून स्टारवाले नवे एसी चालू केले की आपोआप 24 वर येतात. साधी फर्नेस 68 ला जेवढ्या जोरात जळते तेवढ्याच जोरात 80 ला जळते, फक्त थांबत नाही.

खरं कसब थांबण्यातच आहे. मामाच्या गुऱ्हाळात तू लहानपणी काकवी खायला बसायचीस, तिथला गुळव्या आठवतो का? थर्मामीटर नाही काय नाही, उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारून आवाज ऐकायचा. गंमत अशी की पाक पुरता व्हायच्या जरा आधीच तो चुलवाणातला जाळ ओढायला सांगायचा, कारण तापलेली काहील जाळ काढल्यावर पण पाक शिजवत राहते. त्या गोल डबीत पण तसलीच सोय होती, थोडी आधीच फर्नेस बंद करायची. नवे स्मार्टवाले आठवडाभर तुझं घर बघतात, तापायला किती वेळ लागतो, निवायला किती, आणि सहाला उबदार पाहिजे म्हटलं की साडेपाचला चालू करायचं का पाचला ते स्वतः ठरवतात. हे मला मनापासनं आवडलं. पैसे द्यायचे तर याला द्यावेत.

आणि दुसरं म्हणजे घर रिकामं असताना. जानेवारीत तुम्ही इकडं येणार, तिथं बाहेर उणे वीस. तेव्हा पूर्ण बंद करून येऊ नको, पाण्याचे पाइप फुटतील, 55 फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि घर फार गार पडलं तर फोनवर अलर्ट येईल असं सेटिंग करून ठेव. एक किल्ली शेजारच्यांकडं. नाहीतर तू इथं तांबडा-पांढरा ओरपत असशील आणि फोन वाजेल, तो वाजून काय उपयोग, दार उघडायला कोण आहे तिथं.

एवढ्यात ऑर्डर करू नको. शनिवारी तुझ्या सकाळी 9 ला तळघरात जा, इथं संध्याकाळचे साडेसात असतील, व्हिडिओ कॉल लाव. फर्नेसच्या बाजूचा स्विच बंद कर, मग कव्हर काढ, आणि बोर्डावर सी कुठं आहे आणि ती निळी तिथं पोचलीय का नुसती लोंबतीय ते मला दाखव. टॉर्च घेऊन जा, आणि पिल्लूला वर ठेव. आई म्हणतीय आधी जेवला का विचारा, तर जेवलीस का?

बाबा