‘रद्द करते’ एवढे वर्णन पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रावेर-सावद्याकडे केळीच्या ट्रकमागे पेढीचा मोबाइल नंबर रंगवलेला असतो, जळगावच्या डाळीच्या पोत्यावर छापलेला असतो. पेढीचा नंबर म्हणजे पेढीची पाटीच. रिचार्ज, पोर्टिंग (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे), जुने नंबर बंद करणे ही कामे एआय एजंटकडे, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पार पाडणाऱ्या संगणकीय मदतनिसाकडे, द्यायची असतील, तर एजंटच्या हाती दिलेल्या टूलचे, म्हणजे एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, वर्णन कसे लिहावे, याविषयी थोडे. अशी टूल्स लिहिणाऱ्यांसाठी आणि त्यांना काम देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी हे पत्र आहे.

एजंट टूलच्या आतला कोड पाहत नाही. नाव, खालच्या दोन-चार ओळी आणि कोणती माहिती भरायची याची यादी, एवढ्यावर तो ठरवतो. ‘ऑर्डर रद्द करते’ एवढेच लिहिले आणि मालक म्हणाला, ‘अडकलेल्या ऑर्डरी साफ कर’, की तो चालू असलेल्या पोर्टिंगलाही हात घालणार. त्यात त्याची चूक काय?

आधी खरा धोका कुठे आहे ते पाहू. १९०० वर संदेश पाठवला की पोर्टिंगसाठी लागणारा आठ अक्षरी यूपीसी कोड येतो; आपल्याकडे तो ४ दिवस चालतो. सिम नुकतेच बदलले असेल तर ७ दिवस कोडच मिळत नाही. पोर्टिंगचा अर्ज दिल्यावर २४ तासांच्या आत १९०० वरच संदेश पाठवून माघार घेता येते. त्यानंतर दार बंद. पोर्ट झाल्यावर ९० दिवस पुन्हा दुसरीकडे जाता येत नाही आणि जुन्या कंपनीकडची प्रीपेडची शिल्लक बुडते. म्हणजे ज्याला सगळे घाबरतात ते ‘रद्द’ टूल पहिल्या दिवशी त्यातल्या त्यात निरुपद्रवी, आणि साधे वाटणारे ‘अर्ज सादर’ दुसऱ्या दिवसापासून न परतणारे. सर्वांत वाईट ‘नंबर सोडा’, म्हणजे नंबर कायमचा बंद करणारे टूल. पोर्ट केलेला नंबर कायमचा बंद झाला की तो मूळ ज्या कंपनीच्या मालिकेतला, तिच्याकडे परत जातो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मग बँकेचे ओटीपी कुणाच्या खिशात वाजतील?

एजंटला टूल्स जोडून देण्याच्या एमसीपी या प्रचलित पद्धतीत टूलवर ‘फक्त वाचणारे’ किंवा ‘नुकसान करू शकणारे’ अशी खूण करता येते. जरूर करावी. पण ती नुसती सूचना असते, तिने काही अडत नाही. खरी अडवणूक सर्व्हरवर, म्हणजे टूल जिथे प्रत्यक्ष चालते त्या संगणकावर, हवी आणि ती कशी आहे हे वर्णनात यावे.

‘नंबर सोडा’चे वर्णन आम्ही असे लिहू: ‘हा नंबर कायमचा बंद करते. परत मिळवता येत नाही. एका वेळी एकच नंबर. पोर्टिंग चालू असेल तर नकार देते. पोर्टिंग थांबवण्यासाठी हे टूल वापरू नये. मालकाने नंबरचे शेवटचे चार अंक स्वतः टाइप केल्याशिवाय चालत नाही.’

यातले चौथे आणि पाचवे वाक्य बहुतेक वर्णनांत नसते, आणि घात तिथेच होतो. ‘रद्द’ने २४ तास उलटल्याचा नकार दिला की एजंट गप्प बसत नाही, दुसरी वाट शोधतो. पोर्टिंग थांबवायचेच आहे ना, मग नंबरच सोडून टाकू! म्हणून नकाराचा संदेशही वर्णनाइतकाच जपून लिहावा: ‘मुदत संपली. पुन्हा प्रयत्न करू नये, दुसरे टूल वापरू नये, मालकाला कळवावे.’

टूलच्या उत्तरात नुसते ‘यशस्वी’ नको. ‘विनंती पोहोचली, रद्द झाल्याची खात्री अजून नाही’ असे असले तर एजंट मालकाला खोटे सांगत नाही. नेट मध्येच गेले की तो तीच विनंती पुन्हा धाडतो. प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक ठेवला, पुन्हा धाडताना तोच वापरला आणि सर्व्हरने तो तपासला, तर दुसरी आपोआप गळते. आणि टूलने ऑर्डर क्रमांकाऐवजी पूर्ण दहा अंकी मोबाइल नंबर मागावा. एका अधिकारपत्रावर कंपनीचे १०० पर्यंत नंबर पोर्ट होतात. तेवढ्या गर्दीत ऑर्डर क्रमांकांची अदलाबदल सहज होते.

पोर्टिंगला किती दिवस लागतील, तो आकडा वर्णनात ठोकून लिहू नये. व्यक्तीच्या नावावरच्या नंबरला एकाच सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात) ३ कामाचे दिवस, पण सर्कल बदलले किंवा नंबर कंपनीच्या नावावर असला की ५. नंदुरबारच्या कुणाकडे सुरतेचे, रावेरच्या कुणाकडे बऱ्हाणपूरचे सिम असणे आपल्याकडे नवे नाही.

वर्णन लिहून झाले की ते पेढीवरच्या दिवाणजींना वाचायला द्यावे आणि विचारावे, ‘हे चालवल्यावर काय काय परत येणार नाही?’ त्यांना सांगता आले नाही, तर कागद पुन्हा लिहायला घ्यावा.

आपले,
पोर्टिंगचे काम जाणणारे काही वाचक, जळगाव