जुना स्पंज फेकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत माशांना मोठ्या टँकमध्ये हलवण्याबद्दलचा लेख वाचला. स्टँड भक्कम आणि सपाट हवा, टँक थेट उन्हात नको, हे सगळं बरोबर आहे. पण शेवटी, नवा फिल्टर एक दिवस चालवून पाणी नितळ झालं की मासे सोडावेत असा सल्ला आहे. तो वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. मी अगदी असंच केलं होतं आणि पाचांपैकी तीन गोल्डफिश गमावले होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ४० लिटरच्या टँकमध्ये ते पाच जण दाटीवाटीने राहत होते, म्हणून १०० लिटरचा टँक आणला. नव्या जागेत जुनी घाण कशाला, असं म्हणून खडी टाकून दिली आणि फिल्टरमधला काळपट, बुळबुळीत स्पंजही. पाणी असं स्वच्छ की मागच्या भिंतीवरचा ओरखडा दिसावा. चौथ्या दिवशी सकाळी दिवा लावला तर पाचही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. पंप चालू होता, बुडबुडे येत होते. मी शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे निदान पाणी तपासावं एवढं सुचलं. अमोनियाच्या चाचणीत परीक्षानळी पिवळी राहायला हवी. माझ्या डोळ्यांदेखत ती गर्द हिरवी झाली.

दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला. सुटलो असं वाटलं, तोच अमोनियापासून बनणारं नायट्राइट चढलं. तिसरा मासा गेला तेव्हा त्याचा कल्ला उचलून पाहिला. आत लालभडक रंग असायला हवा, तिथे गंजासारखा तपकिरी होता. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूपच बदलून टाकतं आणि मग ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. भोवतीच्या पाण्यात भरपूर प्राणवायू असताना मासा गुदमरतो. तो कल्ला मी अजून विसरले नाही.

नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे, हे म्हणूनच सांगायचं आहे. मासे विष्ठेतून तर अमोनिया सोडतातच, पण त्याहून जास्त कल्ल्यांतून सोडतात. तो डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे दुसरे जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असं आम्ही पाठ केलं होतं. पण १९९८मध्ये गोड्या पाण्याच्या टँकमधले फिल्टर तपासले तेव्हा तिथे हे काम नायट्रोस्पायरा करताना आढळले. नाव काहीही असो, ही मंडळी सावकाश वाढतात. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, यांना अर्धा दिवस किंवा त्याहून जास्तच लागतो. म्हणून कोरा फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आणि हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजला, सिरॅमिकच्या तुकड्यांना, खडीला चिकटून राहतात. मी घाण म्हणून जे फेकलं, तेच माझ्या माशांना जगवत होतं.

वाचलेले दोघे आता वीतभर झाले आहेत. गेल्या महिन्यात त्यांना १२० सेंटिमीटर लांब, साधारण २४० लिटरच्या टँकमध्ये हलवलं. या वेळी नवा फिल्टर पाच आठवडे आधीच जुन्या टँकमध्ये, जुन्या फिल्टरच्या शेजारी लावून ठेवला. हलवायच्या दिवशी दोन्ही फिल्टरचे स्पंज टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून नेले. सुकले की जिवाणू मरतात, आणि वाहतं पाणी नसेल तर काही तासांत प्राणवायूवाचून मरू लागतात, म्हणून अर्ध्या तासाच्या आत दोन्ही फिल्टर पुन्हा चालू केले. जुनी खडीही सोबत नेली. नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन मारणारं औषध घातलं, कारण क्लोरीन या जिवाणूंनाही सोडत नाही. पाणी नुसतं उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, क्लोरॅमिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात असतं) मात्र तसं जात नाही. तापमान जुळवलं आणि पहिले काही दिवस खाणं निम्म्यावर आणलं. त्यानंतर दोन आठवडे रोज नळी भरून पाहिली. रोज पिवळी.

मोठ्या टँकमध्ये अमोनिया पातळ होतो, मग काळजी कशाला, असं बरेच जण म्हणतात. पातळ होतो हे खरं, पण कोणी खाणारं नसेल तर तो साचतच जातो. शिवाय पाण्याचा सामू (पीएच) ७ वरून ८ वर गेला, तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो.

लेख वाचून ज्यांनी या आठवड्यात मासे सोडलेही असतील, त्यांच्यासाठी थोडं. जुना स्पंज अजून ओला असेल तर आत्ताच नव्या फिल्टरमध्ये बसवा. नसेल तर ओळखीतल्या, मासे पाळणाऱ्या कोणाकडे निरोगी, मुरलेला टँक असेल, तर त्यांच्या स्पंजचा एक तुकडा मागून घ्या आणि ओलाच घरी आणा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं, तर रोज तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला. क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं. नायट्राइट चढलं असेल तर गोल्डफिशच्या टँकमध्ये लिटरमागे एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला, मिठातल्या क्लोराइडमुळे कल्ल्यांतून नायट्राइट कमी शिरतं. खाणं एक-दोन दिवस बंद ठेवलं तरी मोठ्या माशाला काही होत नाही. आणि या दिवसांत फिल्टर उघडून धुऊ नका. पाण्याचा जोर फारच कमी झाला, तर स्पंज टँकच्याच पाण्यात एकदा हलकेच पिळा, नळाखाली धरू नका.

आपली,
एक वाचक