खुर्चीवरून उठण्याआधी

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लॅपटॉपवर नवा प्रोग्राम टाकलायस, तू खोलीत नसताना कुणी झाकण उघडलं की तो भोंगा वाजवतो, समोरच्याचा फोटो काढून तुझ्या मेलवर पाठवतो, त्यामुळे आता निर्धास्तपणे बाहेर जाता येतं, असं लिहिलंयस. त्या ‘निर्धास्तपणे’पाशी मी अडले. दोनदा फोन हातात घेतला, पण बोलण्याच्या ओघात निम्मं राहून जाईल, म्हणून लिहायलाच बसले.

तुझ्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते मला ठाऊक आहे. तू समुपदेशक, जे घरात कुणाला सांगता येत नाही ते माणसं तुझ्यासमोर बसून बोलतात आणि तू ते नंतर टिपून ठेवतेस. तो लॅपटॉप ज्या खोलीत असतो तिथे इतर वेळी आणखी तिघंजणं बसतात, साफसफाईला माणसं येतात, आणि मधल्या वेळात खोली रिकामी असते. म्हणून मला काळजी वाटते.

तुला एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. पहिल्या नोकरीत मी ऑफिसमधले कॉम्प्युटर सांभाळायचे. एका सहकाऱ्याची फाइल मेलमधून जात नव्हती, म्हणून त्याने ती मला उघडून बघायला सांगितली. रजेचा अर्ज होता, आत आजाराचं नाव होतं. तेवढ्यात प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून मला हाक आली आणि मी उठले. जेमतेम पाच मिनिटं. परत आले तर खुर्ची जागच्या जागी, माउस जागच्या जागी. फक्त अर्ज मी पहिल्या पानावर सोडून गेले होते, तो दुसऱ्या पानावर होता. मी पुन्हा वर सरकवला आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी लोक त्याच्याशी हळू आवाजात, जरा जास्तच जपून बोलायला लागले. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. माझ्या टेबलापाशी येऊन त्याने एवढंच विचारलं, “तू लॉक केलं नव्हतंस?” पुढे काही महिन्यांत त्याने नोकरी सोडली. कारण त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

कुणी पासवर्ड फोडला नव्हता, की कुठला व्हायरस आला नव्हता. एक माणूस येऊन माझ्या खुर्चीपाशी उभा राहिला आणि त्याने माउसचं चाक फिरवलं, बस्स.

तेव्हापासून उठायच्या आधी माझी बोटं विंडोजच्या आणि एलच्या बटणावर जातात. दोन्ही एकदम दाबली की मशीन लॉक. तू हे करतेस का? तुझ्या पत्रात प्रोग्रामबद्दल दीड पान आहे, याबद्दल एक ओळही नाही. ठरावीक वेळ हात लागला नाही की आपोआप लॉक होण्याची सोय असतेच, ती दोन मिनिटांवर आण. पण तिच्यावर विसंबू नकोस. त्या दिवशी माझ्या मशीनवर ती दहा मिनिटांवर होती. विंडोजमध्ये २०१७ पासून आणखी एक सोय आहे: ब्लूटूथने फोन जोडून ठेवायचा, फोन लांब गेला की थोड्या वेळाने मशीन स्वतःच लॉक होतं. पण तू फोन टेबलावरच ठेवून उठतेस, तेव्हा ती तुझ्या उपयोगाची नाही.

आता लॉक म्हणजे नक्की काय, ते सांगते. आपण त्याला कुलूप म्हणतो, पण बऱ्याच ठिकाणी तो कामासमोर धरलेला नुसता पडदा असतो. २०२१च्या सुरुवातीला लिनक्स मिंटमध्ये (विंडोजच्या जागी वापरता येणारी एक फुकट प्रणाली) लॉकचा एक दोष सापडला, आणि तो सापडला लहान मुलांमुळे. वडील मागे उभे राहून बघत होते आणि मुलं लॉक झालेल्या पडद्यावर दिसेल ते बटण दाबत होती, खरा कीबोर्ड आणि पडद्यावरचा कीबोर्ड दोन्ही. एकाएकी लॉकचा प्रोग्रामच कोसळला आणि मागचं सगळं काम उघडं पडलं. पडद्यावरच्या कीबोर्डमधलं एक विशिष्ट अक्षर दाबलं की हे घडत होतं. म्हणजे पडदा धरून ठेवणारा माणूस चक्कर येऊन पडला तर पडदाही खाली येतो, अशी ती रचना होती. एक्सस्क्रीनसेव्हर हा पडदा लॉक करणारा प्रोग्राम १९९२ पासून लिहिणारे जेमी झविन्स्की कित्येक वर्षं हेच बजावत होते, की लॉकच्या प्रोग्राममध्ये नटवेपणा घालू नका, तो जितका लहान तितका भरवशाचा. मला ते शंभर टक्के पटतं. आता लिनक्सच्या नव्या पद्धतीत लॉकचा प्रोग्राम मेला तरी पडदा काळाच राहतो, ही चांगली सुधारणा झाली. तुझ्या विंडोजचं लॉक मुळात याहून मजबूत आहे, तेव्हा घाबरू नकोस. पण अपडेट पुढे ढकलत जाऊ नकोस.

तुझ्या नव्या प्रोग्रामचं मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की तो जागा कधी असतो? विंडोज चालू असेल तेव्हा. कुणी बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या सिस्टिमने सुरू केला, तर तुझा राखणदार झोपलेलाच राहतो. भोंगा नाही, फोटो नाही, आणि तुझा विंडोजचा पासवर्ड कुणी विचारतही नाही. हार्डडिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, केलेली नसेल तर तुझ्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवाल्यासमोर साध्या कागदासारख्या पडलेल्या असतात. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट पाच वेळा दाबला की अपंगांसाठीची एक सोय सुरू होते ना, त्या सोयीच्या फाइलच्या जागी दुसरी फाइल ठेवून पासवर्डशिवाय आत शिरण्याची युक्ती वर्षानुवर्षं चालत आली आहे. तीही अशीच, आधी बाहेरून मशीन सुरू करून.

म्हणून पहिलं काम एन्क्रिप्शन. विंडोजमध्ये व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, बिटलॉकर आहे. मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. तिन्हींचं काम एकच: डिस्कवरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये. बिटलॉकरची किल्ली बहुतेक मशीनमध्ये टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि मशीन सुरू होताच चिप ती आपणहून देऊन टाकते. काही लॅपटॉपमध्ये ही किल्ली चिपकडून निघून प्रोसेसरकडे जाताना मधल्या तारांवर पकडून दाखवलेली आहे. त्यामुळे तुझ्यासारखीने सुरू होतानाच पिन मागणारं सेटिंग लावावं. रोज सकाळी सहा-आठ आकडे जास्तीचे दाबावे लागतील, तेवढं कर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि बहुतेकांना माहीत नसते. झाकण मिटलं की लॅपटॉप बंद होत नाही, नुसता झोपतो, आणि किल्ली मेमरीत तशीच राहते. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की वीज तोडल्यावरही मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकून राहतो. धूळ उडवायच्या स्प्रेचा डबा उलटा धरून मेमरीच्या चिपवर फवारला की ती उणे पन्नास अंशांपर्यंत गार होते आणि मजकूर काही मिनिटं टिकतो. तेवढ्यात ती काढून दुसऱ्या मशीनमध्ये बसवायची आणि किल्ली वाचायची. तुझ्या खोलीत कुणी असा डबा घेऊन येईल असं मला वाटत नाही. पण घरी जाताना झाकण मिटून निघण्याऐवजी शटडाउन किंवा हायबरनेट (काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद) करायला दहा सेकंद लागतात. मधल्या वेळेला लॉक, रात्री शटडाउन, एवढं हाताला लागू दे.

आणि शक्यतो लॅपटॉप रात्री तिथे ठेवूच नकोस. योआना रुत्कोव्स्का या पोलिश संशोधिकेने २००९ मध्ये एका हल्ल्याला ‘दुष्ट मोलकरीण’ असं नाव दिलं (नाव मला आवडत नाही, राबणाऱ्या बाईवर उगाच आळ येतो, पण ते रूढ झालंय). मालक बाहेर असताना कुणीतरी एक-दोन मिनिटांत बंद लॅपटॉपच्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये बदल करून ठेवतं. मालक परत येऊन पासवर्ड टाकतो तेव्हा तो टिपून घेतला जातो. तिथे एन्क्रिप्शन एकटं पुरं पडत नाही. सिक्युअर बूट (खात्रीची सही नसलेला सुरुवातीचा प्रोग्राम चालू न देणारी सोय) चालू ठेवायचं, आणि लॅपटॉप जिथे ठेवला तिथून हललेला वाटला तर पासवर्ड न टाकता तसाच माझ्याकडे आणायचा.

एन्क्रिप्शन चालू करताना रिकव्हरी की मिळेल, एक भलामोठा आकडा. तो कागदावर लिहून घरी कुलपात ठेव, लॅपटॉपच्या पिशवीत नको. तो हरवला आणि मशीन बिघडलं तर मीच काय, कुणीच तुझ्या नोंदी परत मिळवू शकणार नाही. त्याआधी सगळ्याचा बॅकअप घे, आणि तोही एन्क्रिप्ट केलेल्याच डिस्कवर.

आता तुझा प्रोग्राम. आपल्या गैरहजेरीत कुणी येऊन गेलं का, हे कळणं मोलाचं असतं. ते मला त्या दुसऱ्या पानावरूनच कळलं होतं. मॅकसाठी पॅट्रिक वॉर्डल यांनी २०१८ मध्ये झाकण उघडलं की कळवणारा असाच प्रोग्राम लिहिला होता. भोंगा ठेवायचा तर ठेव. पण मेधा, तो कॅमेरा बंद कर. त्या खोलीत तुझ्याकडे येणारी माणसं बसतात. तू पाणी आणायला गेलीस, कुणी उत्सुकतेने झाकण जरासं उचललं, तर त्या माणसाचा चेहरा तारीखवेळेसह तुझ्या मेलमध्ये आणि कुणास ठाऊक कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसतो. अमुक माणूस अमुक दिवशी समुपदेशकाच्या खोलीत होता, हे कुणालाही कळू नये म्हणून तर तू दार लावून घेतेस.

रविवारी सकाळी मी मोकळी आहे. बॅकअप घेऊन, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ये. एन्क्रिप्शन व्हायला काही तास लागतील, तेवढ्यात बोलणंही होईल. कॅमेऱ्याने आत्तापर्यंत काढलेले फोटो मात्र तोवर ठेवू नकोस, आज रात्रीच पुसून टाक, मेलमधले आणि मेलच्या कचऱ्यातलेही. त्यांत तुझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाचा चेहरा निघाला, तर पुढच्या भेटीत त्या माणसाला तू स्वतः सांग.

तुझी,
वसुधा