अजब बंगल्यात ले-आउटलाही जागा मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, गेल्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी जाण्याचा योग आला. १८६३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय शिल्पे, शस्त्रे आणि पेंढा भरलेले प्राणी यांनी आजही बघणाऱ्याला बांधून ठेवते. मात्र आज ज्या वस्त्यांत लाखो नागपूरकर राहतात, त्या मानेवाडा, दिघोरी, वाठोडा, जयताळा यांसारख्या गावांची उपनगरे कशी झाली, हे सांगणारे एक स्वतंत्र दालन तेथे असावे, असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बख्त बुलंद शाहने 'राजापूर बारसा' म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी जोडून १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, हे आपण शाळेत शिकतो; पण खेडी जोडण्याचे ते काम त्यानंतर थांबलेच नाही, हे कोणी सांगत नाही. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि शहर आखून वाढवण्याची व्यवस्था झाली. प्रत्यक्षात शहराचा मोठा भाग त्या आखणीची वाट न पाहता वाढला. कास्तकाराने शेत विकले, एखाद्या गृहनिर्माण संस्थेने चुना टाकून भूखंड पाडले, म्हणजे ले-आउट टाकला, आणि आमच्यासारख्या नोकरदारांनी अकृषक परवानगी आहे की नाही याची चौकशी न करता हप्त्याने ते घेतले. नियमित करायच्या अनधिकृत ले-आउटचे '५७२' आणि '१९००' हे आकडे, असे भूखंड नियमित करण्यासाठीचा २००१ चा गुंठेवारी कायदा आणि भूखंड नियमित झाल्यावर मिळणारे प्रन्यासाचे 'आरएल', म्हणजे रिलीज लेटर, यांत नागपूरच्या निम्न मध्यमवर्गाचे अर्धे आयुष्य गेले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

अशा दालनात केवळ नकाशे आणि पुढाऱ्यांच्या हस्ते झालेल्या भूमिपूजनांची छायाचित्रे लावून भागणार नाही. मौजा आणि खसरा क्रमांक लिहिलेली जुनी विक्रीपत्रे, हप्त्यांच्या पावत्या, एकच भूखंड दोघांना विकल्याच्या प्रकरणातील कागद हेही तेथे हवेत, कारण फसवणूक हा या वाढीचाच एक भाग आहे. गावाचे आखर, म्हणजे गुरे जमण्याची मोकळी जागा, कोठे होते, कोणत्या पांदणीचा पुढे डांबरी रस्ता झाला, कोणती विहीर बुजवून तिच्यावर समाजभवन उभे राहिले, हे जाणणारी माणसे आता सत्तरीपलीकडची आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. आमच्या वस्तीत पोळ्याला बैलजोड्या येणे थांबून बराच काळ झाला, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मात्र दरवर्षी वाढत आहेत. एवढा एक बदल मांडला तरी पाहणाऱ्याला पुष्कळ कळेल.

ज्यांनी जमिनी विकल्या, त्यांची बाजू तर अगत्याने यावी. ज्यांच्या शेतावर आमची घरे उभी आहेत, त्यांतील काही कुटुंबे त्याच वस्तीत भाड्याच्या खोलीत राहतात, हे मी रोज पाहतो.

माझ्याकडे १९८४ मधील इसारपावती, संस्थेने दिलेला हाताने काढलेला ले-आउटचा नकाशा आणि विजेच्या खांबासाठी एका कार्यालयाला चार वर्षे पाठवलेल्या अर्जांच्या पोच घेतलेल्या प्रती आहेत. नकाशावर 'बगीचा' म्हणून दाखवलेल्या जागेवर आज तीन घरे आहेत. संग्रहालयाने हे दालन करायचे ठरवले, तर मूळ कागद देण्यास मी तयार आहे. आमच्या गल्लीतील आणखी चार-पाच जणही देतील.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
मानेवाडा, नागपूर